संगणकातला सह्याद्री आणि आपल्या शिवारातला वारा



मृग लागून आठ दिवस झालेले असतात. एखादा बरा पाऊस पडून गेलेला असतो. रान तयार असते, घरात सरकीच्या बॅगा येऊन पडलेल्या असतात. तेवढ्यात सांगावा येतो की येत्या तीन-चार दिवसांत मराठवाड्यात मध्यम ते जोरदार पाऊस. आपण सरकी लावून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटतो. दिवसभर ढग डोक्यावरून पळतात, येतात आणि जातात. रात्रीच्या बातम्यांत कोकणात पूर, घाटमाथ्यावर रस्ते बंद. आणि जालन्यात अंगणातली धूळसुद्धा बसत नाही.

मग दुबार पेरणी. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीची एक बॅग ९०१ रुपयांना होती. एकरी दोन बॅगा धरल्या तर पाच एकरांचे नऊ हजार रुपये नुसत्या बियाण्याचे मातीत गेले. मजुरी वेगळी, बैलाचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे वेगळे, आणि गेलेले पंधरा दिवस तर कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, ती याच रागातून. शहरातले लोक तेव्हा हसले. आम्ही हसणाऱ्यांतले नाही. दुसऱ्याच्या शब्दावर ज्याने घरचे पैसे मातीत टाकले, त्याला जाब विचारण्याचा हक्क आहे.

पण जाब विचारायचा तर नेमका विचारावा. अंदाज चुकला एवढे म्हणून भागत नाही. तो कुठे चुकला, का चुकला, आणि चुकला हे कोणत्या मापाने ठरवले, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. म्हणून या अंकात आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. डोंगर वाऱ्याचे काय करतो, संगणक त्याचे गणित कसे मांडतो, उपग्रह वारा कसा पाहतो, आणि या दोघांचा हिशेब जुळतो की नाही. विषय शास्त्रज्ञांचा वाटेल. पैसे मात्र आपले आहेत.

आधी वाऱ्याची वाट पाहू. आपल्याकडे पाऊस आणणारा वारा अरबी समुद्रावर जन्मत नाही. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघतो, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला येतो आणि तिथे केनिया-इथिओपियाच्या डोंगराळ मुलुखाला अडतो. बांधाला अडलेले पाणी जसे बांधाच्या कडेने जोरात वाहते, तसा हा वारा डोंगराच्या कडेने उत्तरेला वळतो, सोमालियावरून समुद्रात उतरतो आणि आपल्या किनाऱ्याकडे धावत येतो. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याची मुख्य धार असते. फिंडलेटर नावाच्या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये ही धार नीट मांडून दाखवली, म्हणून शास्त्राच्या पुस्तकांत तिला त्याचे नाव आहे. संगणकाच्या गणितातून आफ्रिकेचा डोंगर काढून टाकला तर ही धार ढिली आणि पसरट होते. म्हणजे जालन्याच्या कपाशीचे नशीब आधी आफ्रिकेतल्या डोंगराशी बांधलेले आहे, मग सह्याद्रीशी.

सह्याद्रीशी या वाऱ्याची गाठ पडली की काय होते, हे आपल्याला आकड्यांतच दिसते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही नसलेल्या वाईत तो सातशेच्या घरात येतो. वारा डोंगर चढतो, वर जाताना थंड होतो, ओलावा सांडतो. माथा ओलांडून खाली उतरताना तोच वारा तापतो. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे दहा अंशांनी गरम होते. असे ढग विरतात आणि वारा मात्र उरतो. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. पावसाळ्यात माथ्यावरचा वारा त्यांना जोरात फिरवतो. पाणी कोकणाला, वीज पठाराला, आणि घाटापासून दूर पूर्वेला असलेल्या आपल्या वाट्याला पिळून काढलेला वारा.

म्हणून आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते की नुसत्या पश्चिमेच्या वाऱ्यावर विसंबू नये. आपला मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा इकडे सरकला की येतो, किंवा हंगामाच्या शेवटी दुपारनंतर गडगडाट करत येतो. पश्चिमेचा वारा जोरात आणि पूर्वेकडे काहीच हालचाल नाही, म्हणजे कोकण भिजणार आणि आपण खंड मोजणार.

हे गणितात बसवण्याचे काम आपल्याच माणसांनी फार आधी केले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या आर. पी. सरकार यांनी १९६६ मध्ये सह्याद्रीवर चढणाऱ्या वाऱ्यातून किती पाऊस पडावा, याचे गणित मांडले. डोंगराच्या मागे वाऱ्याच्या लाटा उठतात, दगडावरून वाहणाऱ्या ओढ्यात दगडापुढे पाणी खाली-वर होते तशा, हाही अभ्यास त्याच काळात झाला. लाट जिथे वर जाते तिथे ढग धरतो, जिथे खाली येते तिथे आकाश मोकळे होते. पण त्या वेळी हे ताडून पाहायला होते काय? किनाऱ्यावर आणि देशावर मोजकी केंद्रे, आणि फुगे सोडून वरचा वारा मोजण्याची सोय. मधल्या डोंगरात आणि समुद्रावर अंधार.

आता संगणकाकडे येऊ. संगणक देशाचा नकाशा चौकोनांत कापतो आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची, एक वारा, एक पाऊस देतो. १९९४ मध्ये दिल्लीजवळच्या राष्ट्रीय केंद्रात जे प्रतिमान रोजच्या अंदाजासाठी चालू झाले, त्याचा चौकोन सुमारे दीडशे किलोमीटरचा होता. दीडशे गुणिले दीडशे म्हणजे जालन्यासारखे जवळजवळ तीन जिल्हे एका चौकोनात. त्यात मुंबई आणि पुणे एकत्र बसू शकत होते, आणि मधला सह्याद्री सरासरीत दबून उताराचा माळ होत होता. असल्या डोंगरावरून वारा सुखाने पुढे येणार. कोकणातला पाऊस कमी आणि देशावरचा जास्त, असे ते गणित निघाले तर दोष वाऱ्याचा नव्हता. संगणकातला सह्याद्रीच बुटका होता.

पुढे चौकोन लहान होत गेला. पन्नास, पंचवीस, मग बारा किलोमीटर. २६ मे २०२५ रोजी पुण्याच्या संस्थेने तयार केलेली ‘भारत’ नावाची अंदाज प्रणाली देशाला अर्पण झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडची चार-पाच गावे एका घरात. प्रगती खरी आहे आणि ती करणाऱ्यांचे कौतुकही आम्ही करतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. डोंगर, दरी किंवा वाऱ्याची लाट संगणकात खरी उमटायला चार-सहा चौकोन तरी तिच्यावर पडावे लागतात. म्हणजे सहा किलोमीटरचे यंत्रसुद्धा पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट धडपणे सांगू शकत नाही. भोकरदन-जाफराबादच्या बाजूने गेलेली अजिंठ्याची रांग सह्याद्रीपेक्षा पुष्कळ ठेंगणी. तिच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस वेगळा पडतो हे तिथला कोणीही सांगेल. संगणकात ही रांग किती उरते?

मग संगणकाचे बरोबर की चूक हे ठरवायचे कसे? इथे उपग्रह येतो. काही उपग्रह समुद्राच्या पाण्यावर रडारचे झोत टाकतात. वारा जास्त, तर पाण्यावरची बारीक सुरकुती जास्त, आणि परत येणारा झोतही तसा. त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा निघते. अमेरिकेचा क्विकस्कॅट १९९९ ते २००९ पर्यंत हे काम करत होता. आपल्या इस्रोने २००९ मध्ये ओशनसॅट-२, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ हे उपग्रह याच कामाचे यंत्र देऊन सोडले.

या नव्या डोळ्यांनी पाहिल्यावर काय आढळले? शांग-पिंग श्ये या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांच्या डोंगरांमुळे वाऱ्यात पडलेली सावली तीन हजार किलोमीटरपर्यंत पोहोचते. एवढेसे ठिपक्याएवढे डोंगर, आणि सावली मुंबई ते दिल्लीच्या दुपटीहून लांब! २००६ मध्ये त्याच गटाने आपला मोसमी मुलूख पाहिला. वाऱ्याच्या आणि पावसाच्या उपग्रह-नोंदी एकत्र ठेवल्या तेव्हा स्पष्ट झाले की सह्याद्री आणि म्यानमारच्या किनाऱ्यासारख्या अरुंद रांगा पावसाचे पट्टे आपल्या वाऱ्याकडच्या अंगाला धरून ठेवतात. त्याचा परिणाम रांगेपुरता राहत नाही, दूरवर जातो. मोठ्या चौकोनांच्या प्रतिमानांत या अरुंद रांगा दबतात, म्हणून पावसाची जागाही हुकते. आपण जे अंगणात बसून भोगतो तेच हे. फक्त आता त्याला माप मिळाले.

पण भावांनो, कापूस विकायला गेल्यावर आपण एकाच काट्यावर विश्वास ठेवतो का? संगणक हा एक काटा, उपग्रह हा दुसरा. दुसऱ्या काट्यालाही खोट असू शकते, आणि इथे ती आहे. पहिली खोट ही की किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत जमिनीचा झोत मिसळतो आणि वाऱ्याचे माप बिघडते. दुसरी, जोरदार पावसात थेंबच झोताला अडवतात. म्हणजे जिथे सह्याद्री वाऱ्याला अडवतो आणि धो धो पाऊस पडतो, नेमके तिथेच हा उपग्रह चाचपडतो. तिसरी खोट सगळ्यांत मोठी. हा उपग्रह पाण्यावरचा वारा पाहतो, जमिनीवरचा पाहतच नाही. घाट ओलांडला की त्याचे काम संपले. जालना त्याला दिसत नाही.

जमिनीवरच्या वाऱ्यासाठी दुसरे मार्ग आहेत. इन्सॅट मालिकेतले उपग्रह थोड्या थोड्या वेळाने ढगांची चित्रे घेतात. ढग किती सरकला यावरून वारा काढतात. पण तो ढगाच्या उंचीवरचा वारा, आणि ती उंची अंदाजानेच धरावी लागते. युरोपच्या एओलस उपग्रहाने लेझरच्या झोताने थेट वरखालचा वारा मोजला. तो २०१८ मध्ये वर गेला आणि २०२३ मध्ये त्याचे आयुष्य संपले.

आणखी एक मेख आहे. उपग्रहाने मोजलेला वारा अंदाज करण्यापूर्वी संगणकाला खाऊ घातला जातो. ते चांगलेच आहे, त्याने अंदाज सुधारतो. पण मग त्याच उपग्रहाशी संगणकाची तुलना करून ‘पहा, किती जुळते’ म्हणणे, म्हणजे व्यापाऱ्याने आपला काटा आपल्याच वजनांनी तपासून दाखवणे. खरी परीक्षा तिसऱ्या काट्यावर, ज्याचा आकडा संगणकाने आधी पाहिलेला नाही. जमिनीवर तो काटा म्हणजे हवामान केंद्र. आणि इथून पुढचा प्रश्न पुण्या-दिल्लीचा नाही, आपला आहे.

राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसुली मंडळागणिक एक, अशी दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. त्यांत पाऊस, तापमान, आर्द्रता यांबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशाही मोजतात. आपल्यातल्या कितीजणांनी आपल्या मंडळाचे केंद्र पाहिले आहे? आम्ही काही पाहिली. एका ठिकाणी पत्र्याची शेड वाऱ्याच्या वाटेतच उभी होती. दुसऱ्या ठिकाणी लिंबाच्या फांद्या यंत्रावर आल्या होत्या. हवामानशास्त्राचा रिवाज असा की वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजायचा. अंदाजात सांगितलेला वाराही त्याच उंचीचा असतो. तीन मीटरवर, झाडाआड मोजलेला वारा कमीच भरणार. मग अंदाज चुकला की मापच चुकले?

वाऱ्याच्या आकड्याशी आपल्याला काय करायचे, असे म्हणाल. ऐका. पर्जन्यमापकाच्या तोंडावरून जोराचा वारा गेला की थेंब आत पडायचे ते पलीकडे उडून जातात. वाऱ्यामुळे पाऊस दोन ते दहा टक्क्यांनी कमी मोजला जातो, हे जगभर मान्य आहे. आता हिशेब करा. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. खरा पाऊस ६५ पडला आणि वाऱ्याने पाच टक्के खाल्ले, तर यंत्रात ६२ दिसतो. तीन मिलिमीटरने अख्खे मंडळ यादीबाहेर. २०२३ मध्ये राज्याने आधी ४० तालुके दुष्काळी आणि मग १,०२१ महसुली मंडळे दुष्काळसदृश ठरवली. मोसंबीच्या हवामान-विम्यातही केंद्राचाच आकडा बोलतो. ज्या यंत्रावर लाखो रुपये फिरतात, त्याची जागा, उंची आणि दुरुस्ती बघायचा हक्क ज्याचे पैसे फिरतात त्याला नको का?

सरकारचे धोरण पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’ला दोन हजार कोटी मंजूर केले. त्याच महिन्यात नवे महासंगणक चालू झाले. ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतवार अंदाजाची घोषणा झाली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये देशभरच्या कृषी विज्ञान केंद्रांतली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद केली गेली, जिथे माणूस बसून अंदाजाचे शेतीच्या भाषेत रूपांतर करत होता. ती पुन्हा सुरू करण्याच्या बातम्या पुढे आल्या. बातमीने पेरणी होत नाही. वरचा संगणक मोठा आणि खालचा माणूस घरी, याला हवामान सेवा म्हणत नाहीत. आणि ज्या यंत्राच्या बारा किलोमीटरच्या एका चौकोनात पंधरा-अठरा गावे येतात, त्याने ग्रामपंचायतीचा अंदाज दिला, तर त्यावर नाव गावाचे असते आणि आकडा चौकोनाचा.

याचा अर्थ अंदाज फेकून द्या असा कोणी काढू नये. शेजारी बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते. तिला लोक जमतात, कारण माणसाला पुढचे कळावेसे वाटते. पण घटाला चुकले कुठे हे विचारता येत नाही, संगणकाला विचारता येते. शास्त्राचे मोठेपण ते चुकत नाही यात नाही. त्याची चूक मोजता येते आणि कमी करता येते, यात आहे. म्हणून मोजायचे काम आपणही करायचे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच गोष्टी ठेवतो.

एक. प्रत्येक मंडळातल्या दोघांनी आपले हवामान केंद्र जाऊन पाहावे. आसपास झाड, भिंत, शेड किती अंतरावर आहे, वाऱ्याचे यंत्र किती उंचीवर आहे, पर्जन्यमापकाचे तोंड मोकळे आहे का, हे लिहून आणावे. यंत्राला हात लावू नये.

दोन. गावागावात एक वही ठेवावी. अंदाजात पाऊस सांगितला का आणि पडला का, याचे चार रकाने करावे. सांगितला आणि पडला. सांगितला आणि नाही पडला. नाही सांगितला आणि पडला. नाही सांगितला आणि नाही पडला. शास्त्रज्ञही अंदाजाची परीक्षा अशीच घेतात. शेजारी सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची दिशा लिहावी. त्यासाठी उंच काठीवर बांधलेली फडक्याची चिंधी पुरते. ही वही शाळकरी मुलीही ठेवू शकतात.

तीन. केंद्रातले वाऱ्याचे आणि पावसाचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागावेत, आणि अंदाज किती खरा ठरला हे दर हंगामाअखेर जिल्हावार जाहीर व्हावे, अशी मागणी लेखी द्यावी.

चार. जिल्हा कृषी हवामान केंद्रांत पुन्हा माणूस बसलाच पाहिजे.

पाच. हे सगळे होईतो आपली शिस्त आपण पाळावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय सरकी लावू नये, अंदाज कितीही गोड असो. फवारणी वारा पडलेला असताना, वाऱ्याकडे पाठ करूनच करावी. कणसात भरलेल्या शाळूला पाणी देण्याआधी वाऱ्याचा अंदाज पाहावा. ओल्या रानात जोराचा वारा आला की उभे पीक आडवे होते.

सह्याद्री हलवता येणार नाही. त्याच्या सावलीत राहायचे आपल्या नशिबी आहे. पण संगणकातला सह्याद्री माणसांनी बांधलेला आहे. तो खऱ्या सह्याद्रीएवढा उंच करणे, आणि त्याच्या पलीकडच्या वाऱ्याचे खरे माप घेणे, हे माणसांच्या हातात आहे. बैठकीला येताना वही घेऊन या. पहिल्या पानावर गावाचे नाव, मंडळाचे नाव आणि केंद्र पाहिल्याची तारीख असू द्या. साहेबांच्या टेबलावर आरडाओरडा ऐकून घ्यायची सवय आहे. शंभर गावांच्या वह्या एका रांगेत ठेवल्या, तर त्यांना आकड्याने उत्तर द्यावे लागेल.